गुडघ्याएवढं जंगल

महाधनेश या मोठ्या फळखाऊ पक्ष्याच्या घरट्याखाली उभं राहिलं, तर मान वर करायच्या आधी जमिनीकडे बघावं. फेब्रुवारी ते एप्रिल या दिवसांत सह्याद्रीतल्या जुन्या सदाहरित रानात अशा झाडाच्या बुंध्याशी बियांचा सडा पडलेला असतो. रान जायफळाच्या लांबट तपकिरी बिया, धुपाच्या तीन धारांच्या टणक आठळ्या, जांभळाच्या बिया, आणि वड-नांदरुकीच्या बारीक दाण्यांनी खच्चून भरलेली विष्ठा. वर ढोलीत मादी स्वतःला कोंडून बसलेली असते. ढोलीचं तोंड माती, विष्ठा आणि फळांचा गर यांनी लिंपून तिने फक्त चोच बाहेर निघेल एवढी फट ठेवलेली असते. तीन-चार महिने तिचं पोट, आणि पिल्लू निघाल्यावर त्याचंही, नराच्या फेऱ्यांवर चालतं. तो घशात फळं साठवून आणतो, खोडाला चिकटून बसतो, एकेक फळ घशातून चोचीच्या टोकावर आणतो आणि फटीतून आत देतो. गर पचतो, बी बाहेर फेकली जाते.

पहिला पाऊस झाला की त्या सड्यातून रोपं उगवतात. इतकी दाट, की पाय ठेवायला जागा राहत नाही. आणि पुढच्या उन्हाळ्यापर्यंत त्यातली बहुतेक मेलेली असतात. काही एकमेकांच्या सावलीत गुदमरतात, काहींची मान बुरशीने मोडते, उरलेल्यांचा फडशा उंदीर, साळिंदर आणि किडे पाडतात. घरट्याखालचा तो हिरवा गालिचा फोटोत छान दिसतो, पण जंगल त्यातून वाढत नाही. जंगल वाढतं ते याच पक्ष्याने वर्षभर इकडेतिकडे एकेकट्या टाकलेल्या बियांतून. ओढ्यापलीकडे एक, उतारावरच्या आंब्याखाली दोन, कुठे दरड कोसळून उघड्या पडलेल्या जागेच्या कडेला एक. अशी सुटी पडलेली बी रुजते, एक उन्हाळा काढते, दुसरा काढते आणि गुडघ्याएवढी होते.

या लेखाचं म्हणणं त्या गुडघ्याएवढ्या रोपाभोवतीच आहे. आपल्याकडे जंगल मोजायची सगळी रीत वरून खाली येणारी आहे: उपग्रहातून दिसणारं झाडांचं छत्र, खोडाचा घेर, लावलेल्या रोपांचा आकडा. खालून वर येणारं रान कुणी मोजत नाही. ते मोजलं नाही, तर फळ खाणारा प्राणी आणि फळ देणारं झाड यांच्यातला व्यवहार कधी थांबला हे कळत नाही. कळतं तेव्हा पन्नास-साठ वर्षं उलटलेली असतात, कारण म्हातारी झाडं तोवर उभीच असतात.

हा व्यवहार किती नेमका असतो ते जवळून बघायचं तर मसाल्याच्या दुकानातल्या रामपत्रीकडे बघावं. जायपत्रीच्या शेजारी ठेवलेली, तिच्याहून वासाला सौम्य. कोकणातल्या कितीतरी घरच्या मसाल्यांत ती पडते. ती येते रान जायफळाच्या झाडावरून. बोटभर लांबीचं, भुरकट लवीचं फळ पिकलं की उभं तडकतं आणि आत केशरी-पिवळ्या जाळीत गुंडाळलेली बी दिसते. ती जाळी म्हणजे रामपत्री. तिच्यात स्निग्धांश भरपूर असतो आणि झाडाने तो खर्च केलेला असतो तो वाहतुकीचं भाडं म्हणून. पक्षी बी जाळीसकट गिळतो, जाळी पोटात ठेवतो आणि काही वेळाने बी जशीच्या तशी ओकून टाकतो. बीला ओरखडाही पडत नाही.

आता अडचण अशी, की ती बी गिळायला तेवढा घसा लागतो. बुलबुलाच्या घशातून साधारण सेंटीमीटरभराचं फळ जातं. तांबट आणि कुटुर्गा त्याच्या थोडे पुढे. त्यांच्या आवाक्यात उंबरं, पिशाची फळं, लहान जांभळं येतात. रान जायफळ त्यांच्या घशाबाहेरचं. ते काम धनेशांचं आणि डोंगरातल्या मोठ्या रानकबुतरांचं. म्हणजे रानातून बुलबुल गेला तर त्याची जागा घ्यायला दहा पक्षी आहेत. महाधनेश गेला तर जवळजवळ कुणी नाही. मोठ्या बीच्या झाडांचं भवितव्य असं दोन-चार प्राण्यांच्या घशात अडकलेलं असतं, आणि नेमके हेच प्राणी शिकारीला, तोडीला आणि रान तुकड्या-तुकड्यांनी तुटण्याला सगळ्यात आधी बळी पडतात, कारण ते मोठे असतात, त्यांची वीण सावकाश असते आणि त्यांना मोठं रान लागतं.

बी आईपासून दूर का जावी लागते, याचं एक उत्तर पर्यावरणशास्त्रज्ञ डॅनियल जँझेन यांनी १९७० मध्ये आणि जोसेफ कॉनेल यांनी १९७१ मध्ये, एकमेकांपासून स्वतंत्रपणे मांडलं. मोठ्या झाडाखाली त्याच जातीचे शत्रू जमलेले असतात: त्याच बिया पोखरणारे भुंगेरे, त्याच रोपांवर वाढणारी बुरशी. आईखाली पडलेली बी म्हणजे त्यांच्या पुढ्यात वाढलेलं पान. जी बी दूर जाते तिला ते शत्रू शोधून काढीपर्यंत वेळ मिळतो. उष्ण प्रदेशातल्या पावसाळी जंगलात एकाच जातीची झाडं एकमेकांपासून लांब लांब का उभी असतात आणि एका एकरात इतक्या जाती कशा मावतात, याचा बराचसा उलगडा यातून होतो. अशा जंगलांतल्या ७० ते ९० टक्के वृक्षजाती बिया पसरवण्यासाठी प्राण्यांवर अवलंबून असतात. वाऱ्यावर बी सोडायला वारा लागतो. दाट छत्राखाली तो फारसा पोचत नाही.

फळ खाणारा प्रत्येक प्राणी बी पेरतोच असं मात्र नाही, आणि जंगलाच्या बाजूने बोलणाऱ्यांनी हे स्पष्ट सांगितलं पाहिजे. आपला राज्यप्राणी शेकरू बरीचशी फळं फोडून आतली बीच खातो. राज्यपक्षी हरियल उंबरावर थव्याने उतरतो, पण त्याच्या जठराचा स्नायू इतका बळकट असतो की उंबराच्या बारीक बियाही दळल्या जातात. वानर कच्ची फळं आणि बिया चावून नासतात. याउलट माकड गालाच्या पिशव्यांत फळं कोंबून झाडापासून लांब जातं आणि बिया थुंकत बसतं. चितळ आवळे गिळतात आणि रात्री रवंथ करताना आठळ्या बाहेर टाकतात. अस्वलाच्या विष्ठेतून बहावा आणि जांभूळ उगवतात. काजऱ्याचं फळ तर बहुतेकांना वर्ज्य, कारण बी जहरी. ककणेर, म्हणजे धनेशाचाच एक भाऊबंद, मात्र त्याचा गर बिनघोर खातो. दक्षिण सह्याद्रीतलं तपकिरी उदमांजर मांसाहारी गणातलं, पण त्याचं खाणं जवळजवळ सगळं फळांचं. पन्नासाहून जास्त जातींची फळं त्याच्या विष्ठेतून ओळखली गेली आहेत. रात्रीच्या वेळी तेच धनेशाची पाळी चालवतं. ज्याला 'फळखाऊ प्राणी' म्हणून एका ओळीत संपवलं जातं, त्यात असे वेगवेगळे घसे, दात आणि जठरं असतात, आणि कुठल्या झाडाला कोण लागतो हे जातीगणिक बदलतं.

वड-उंबराच्या कुळाचं स्थान या सगळ्यात वेगळं आहे. इतर झाडं फळं देतात ती हंगामात. एप्रिल-मेमध्ये रान फळांनी लगडतं आणि पावसाळा सरता सरता हात आखडता घेतं. प्राण्यांना मात्र बारा महिने खायला लागतं. त्या रिकाम्या महिन्यांत वड, पिंपळ, नांदरुक, पायर आणि उंबर रान सांभाळतात, आणि त्याचं कारण उंबराच्या पोटात आहे. उंबर फोडलं की आत जे बारीक 'किडे' दिसतात ते त्याचे परागीभवन करणारे कीटक, दोनेक मिलिमीटर लांबीचे. उंबराचं फूल कुणाला दिसत नाही असं आपण म्हणतो, कारण फुलं फळाच्या आत तोंड करून असतात आणि तिथवर पोचतो तो फक्त हा कीटक. बाहेर पडल्यावर तो जेमतेम एक-दोन दिवस जगतो. तेवढ्यात त्याला दुसरं, नेमक्या अवस्थेतलं उंबर सापडलं नाही तर वंश संपला. म्हणून परिसरातली सगळी झाडं एकाच वेळी फळून चालत नाही. कुठलं ना कुठलं झाड कधी ना कधी फळावर असावंच लागतं. कीटकासाठी चाललेली ही व्यवस्था धनेश, तांबट, वटवाघूळ आणि उदमांजर या सगळ्यांना जगवते. जॉन टर्बर्ग यांनी १९८६ मध्ये पेरूतल्या मनूच्या जंगलाबद्दल हेच दाखवलं, की टंचाईच्या महिन्यांत वडाच्या कुळातली आणि अशी मूठभर झाडंच बाकी प्राण्यांना तारतात. जगभरात बाराशेहून जास्त जातींचे पक्षी आणि सस्तन प्राणी या कुळाची फळं खातात. एखाद्या डोंगरउतारावरून पाच जुने वड गेले तर लाकडाच्या हिशेबात ते नगण्य ठरतात, आणि धनेशाच्या हिशेबात ऑगस्ट-सप्टेंबरचं सगळं कोठार रिकामं होतं.

आता कोकणाकडे बघू. रत्नागिरी जिल्ह्यात सरकारी वनजमीन अगदी थोडी, सिंधुदुर्गातही बरंचसं रान मालकीचं. ठेकेदार येतो, मालकाला एकरकमी पैसे देतो, जळाऊ लाकडासाठी आणि कोळशासाठी अख्खा उतार उतरवतो, आणि दहा-पंधरा वर्षांनी पुन्हा येतो. दोन तोडींच्या मधल्या काळात तिथे रान परत हिरवं होतं, म्हणून मालकालाही काही बिघडलं असं वाटत नाही. पण ते हिरवं कशाचं असतं? मुख्यतः ऐन आणि किंजळीचं. ऐनाच्या फळाला पाच पंख, किंजळीच्या फळाला एक मोठा आणि दोन लहान. दोन्ही वाऱ्यावर जाणारी, दोन्ही बुडख्यातून पुन्हा फुटणारी. त्यांना कुठल्याही पक्ष्याची गरज नाही. शेजारच्याच देवराईत पाटफणस, ओवळ, सुरंगी, रान जायफळ, धूप उभे असतात. बांधाच्या अलीकडे त्यांचं एक रोप नसतं. हा फरक मातीचा नाही. बी वाहून आणणारा यायचा थांबला, किंवा आलाच तर त्याला बसायला झाड उरलं नाही, एवढाच तो फरक आहे.

ऐन-किंजळीचं ते रान सरकारी मोजणीत मात्र पूर्ण गुण मिळवतं. भारतीय वन सर्वेक्षणाच्या व्याख्येप्रमाणे एक हेक्टरहून मोठ्या जमिनीवर झाडांचं छत्र दहा टक्क्यांहून जास्त असलं की ती जमीन वनाच्छादनात धरली जाते, मग मालक कोणी असो आणि जात कुठलीही असो. या व्याख्येत काजूची बाग, आंब्याची बाग आणि रबराची लागवडही बसते. दोडामार्ग-सावंतवाडीकडे जुनं रान जाऊन रबर उभं राहिलं, तरी उपग्रहाच्या चित्रात हिरवा ठिपका हिरवाच राहतो. त्या व्याख्येचा हेतू छत्र मोजण्याचा आहे आणि त्यासाठी ती चालते. चूक होते ती पुढे, जेव्हा मंत्रालयापासून ग्रामसभेपर्यंत सगळे त्या आकड्यालाच जंगल समजून निर्णय घेतात.

झाडतोडीचा कायदाही याच नजरेने लिहिलेला आहे. महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम १९६४ चा. त्याच्या अनुसूचीत सागवान, आंबा, फणस, हिरडा, मोह, चिंच, खैर, चंदन, ऐन, किंजळ, जांभूळ अशी सोळा नावं आली. ती लाकडाच्या आणि उत्पन्नाच्या हिशेबाने निवडलेली होती, आणि १९६४ साली तसा विचार होणं समजण्यासारखं आहे. पण वड, उंबर, नांदरुक, पायर त्यात नाहीत. बेहडा नाही, सातवीण नाही. म्हणजे ज्या झाडांवर रानातल्या प्राण्यांचं पोट आणि घरटं अवलंबून आहे, त्यातली कितीतरी या यादीबाहेर आहेत. धनेशाला स्वतःची ढोली कोरता येत नाही. फांदी मोडून, गाभा कुजून किंवा सुतारपक्ष्याने कोरून तयार झालेली, एवढ्या मोठ्या पक्ष्याला आत बसता येईल अशी पोकळी त्याला लागते, आणि ती फक्त म्हाताऱ्या, प्रचंड घेराच्या झाडात मिळते. ठेकेदाराच्या भाषेत ते 'पोकळ झाड', म्हणजे जवळजवळ फुकटचं. ते जळणात जातं. त्याच्या जागी तयार व्हायला पुढच्या ढोलीला शंभर वर्षं लागतात.

म्हणून पहिली मागणी या अनुसूचीबद्दल. वडाच्या कुळातली सगळी देशी झाडं तिच्यात घालावीत, आणि ठरावीक घेरावरचं, ढोली असलेलं कुठलंही झाड, जात न बघता, तोडीतून वगळावं. घेराची मर्यादा जिल्ह्याजिल्ह्याला वेगळी ठेवता येईल. पंचनाम्याच्या वेळी झाडाचं लाकूड किती निघेल हे लिहिलं जातंच. ढोली आहे का आणि खाली बियांचा सडा आहे का, या दोन ओळी त्यात वाढवायला काही खर्च नाही.

दुसरं म्हणजे लागवड. महाराष्ट्रात २०१६ मध्ये २ कोटी, २०१७ मध्ये ४ कोटी, २०१८ मध्ये १३ कोटी आणि २०१९ मध्ये ३३ कोटी रोपांचं उद्दिष्ट ठेवलं गेलं. या मोहिमांत हजारो लोकांनी मनापासून घाम गाळला, त्याबद्दल आदरच आहे. पण मोजमाप खड्ड्यांचं होतं. खड्ड्यांचं मोजमाप असलं की रोपवाटिकेत तीच झाडं येतात जी लवकर उगवतात, उन्हात जगतात आणि गुरं खात नाहीत. रान जायफळ, धूप, पाटफणस या यादीत कधी येणारच नाहीत, कारण त्यांची तऱ्हाच वेगळी.

त्यांची बी साठवता येत नाही. बहुतेक पावसाळी जंगलातल्या मोठ्या बिया ओलसरच जगतात. वाळल्या की मेल्या. जांभळाची बी दोन आठवड्यांच्या पुढे फारशी भरवशाची नाही. रान जायफळाची बी जाळी काढून, धुऊन आठवडाभरात वाफ्यात गेली पाहिजे, आणि मधल्या काळात एक दिवससुद्धा उन्हात ठेवायची नाही. वाफा वाळूचा, सावलीच्या जाळीखाली. बी आडवी ठेवून अर्धी-पाऊण झाकायची. उगवायला एक ते तीन महिने लागतात, तोवर वाळू ओली हवी पण पाणी साचता कामा नये, नाहीतर बी कुजते. वर तारेची जाळी नसेल तर उंदीर एका रात्रीत वाफा साफ करतात. रोप चार पानांवर आलं की खोल पिशवीत; आखूड पिशवीत सोटमूळ तळाशी गुंडाळतं आणि असं रोप जमिनीत लावल्यावर तिसऱ्या-चौथ्या वर्षी वाऱ्याने लवंडतं. रोपवाटिकेत दीड-दोन वर्षं काढून, दोन-अडीच फुटांचं झाल्यावर ते लावायचं, तेही असलेल्या झाडांच्या सावलीत आणि शक्यतो ओढ्याच्या काठाने. उघड्या माळावर लावलेलं जायफळ पहिल्या मार्चमध्ये करपतं. माळावर आधी चांदाड्यासारखी उन्हातली झाडं हवीत, त्यांची सावली पडल्यावर चार-पाच वर्षांनी ही. तमिळनाडूतल्या अनामलई डोंगरांतल्या चहामळ्यांमधल्या जंगलाच्या तुकड्यांवर नेचर कॉन्झर्व्हेशन फाउंडेशनच्या लोकांनी वीसहून जास्त वर्षं हेच काम चिकाटीने केलं आहे, अनेक देशी जातींची रोपं वाढवून.

बीजगोळ्यांबद्दलही इथेच सांगायला हवं, कारण मे महिन्यात शाळाशाळांतून ते होतात. मातीत गुंडाळून वाळवलेली बी ही फक्त टणक, कोरड्या जातींना मानवते. जांभूळ, फणस, ओली जंगली बी गोळ्यात घालून वाळवली, की मुलांच्या हातात मेलेली बी उरते. त्याऐवजी त्याच मुलांना जूनच्या पहिल्या आठवड्यात ताज्या बिया थेट सावलीतल्या पालापाचोळ्याखाली, बोटभर खोल, दोन-दोन हातांवर पुरायला लावल्या तर त्यातल्या काही तरी नक्की जगतील.

वडाच्या कुळाचं लावणं सोपं आहे. वड, नांदरुक, पायर यांच्या मनगटाएवढ्या, पाच-सहा फुटांच्या फांद्या पावसाच्या तोंडावर पाने काढून, खालचं टोक तिरपं छाटून, वरच्या टोकाला शेणमाती लावून दीड-दोन फूट खोल गाडल्या तर जगतात. रस्त्याकडेचे जुने वड असेच लागले. पण फांदीच्या झाडाला सोटमूळ नसतं. उतारावर आणि वादळी वाऱ्याच्या जागी बियांचं रोपच बरं. जुन्या भिंतींच्या आणि छपरांच्या फटींत पक्ष्यांनी पेरलेली पिंपळ-वडाची रोपं पावसाळ्याच्या सुरुवातीला मुळासकट हलकेच काढून पिशवीत लावली, तर रोपवाटिकेचं अर्धं काम पक्ष्यांनीच केलेलं असतं. दर एकरी अशी दोन-तीन झाडं लागली आणि गुरं-वणवा यांपासून दहा वर्षं राखली, की पुढची पेरणी त्यांच्यावर येऊन बसणारे करतात. विष्ठेतून काय काय पडलं हे त्या झाडांखाली बघायला मिळतं.

हे सगळं पक्ष्यांच्या प्रेमापोटी चाललंय असा समज होईल, म्हणून एक हिशेब. अरुणाचलात, नामदफा व्याघ्र प्रकल्पाजवळच्या शिकार आणि तोड झालेल्या जंगलात आणि राखलेल्या जंगलात, रोहित नानिवडेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी धनेश आणि रोपं एकाच वेळी मोजली. २०१५ मध्ये ते काम प्रसिद्ध झालं. जिथे धनेश कमी, तिथे मोठ्या बियांची झाडं उभी असूनही त्यांच्या बिया कमी पोचत होत्या आणि नवी रोपं कमी होती. आनंद ओसुरी आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये दाखवलं की दक्षिण आशियासह अनेक प्रदेशांत मोठ्या बियांची झाडं गेली की जंगलात साठणारा कार्बनही घटतो, कारण ती झाडं उंच आणि जड लाकडाची असतात. आग्नेय आशियात, जिथे वाऱ्यावर किंवा आपोआप पडून पसरणारी उंच झाडं भरपूर आहेत, तिथे हा परिणाम तेवढा दिसत नाही. म्हणजे कार्बनच्या नावाने पैसा घालायचा असेल, तर सह्याद्रीत तो धनेशाच्या ढोलीत घालण्याला शास्त्रीय आधार आहे.

पैसा कसा घालायचा याचं उदाहरणही अरुणाचलातच आहे. पक्के व्याघ्र प्रकल्पाच्या सीमेवरच्या, निशी आदिवासींच्या गावांत २०११-१२ पासून धनेशांच्या घरट्यांसाठी 'घरटं दत्तक' योजना चालते. पूर्वी ज्या समाजात महाधनेशाची चोच मुकुटावर मिरवायची रीत होती, त्याच समाजातली माणसं आता पगारावर घरटी राखतात, आणि मुकुटासाठी फायबरच्या चोची आल्या. कोकणात परिस्थिती वेगळी, कारण घरटं असलेलं झाड बहुतेक वेळा एखाद्या शेतकऱ्याच्या सातबाऱ्यावर असतं. म्हणून इथे राखणदाराच्या पगारासोबत मालकाला झाडाचं वार्षिक भाडं द्यावं. भाडं किती? ठेकेदार त्या झाडाचे एकदाच जे पैसे देतो, ते चार-पाच वर्षांत भाड्यातून वसूल व्हावेत आणि पुढे चालू राहावेत एवढं. त्यासाठी नवा निधी काढायला नको. रस्त्यांसाठी आणि खाणींसाठी वनजमीन दिली की भरपाई वनीकरणाचे पैसे जमा होतात. २०१६ च्या कायद्याने त्यांचा निधी उभा आहे. तो निधी उघड्या माळावर खड्डे काढण्यात जातो, त्यातला काही भाग उभ्या झाडांकडे वळवावा. गावाच्या जैवविविधता समितीकडे लोकजैवविविधता नोंदवही असतेच. ढोलीच्या झाडांची आणि वड-उंबरांची यादी तिच्यात चढली की भाड्याचा आधार तयार. देवराईत जीर्णोद्धाराच्या वेळी मंडपासाठी झाडं जातात तिथेही हीच यादी पुजारी आणि मानकऱ्यांपुढे ठेवता येईल.

शेतकऱ्याचा आक्षेप रास्त आहे आणि त्याला बगल देता कामा नये. वानर-माकडं नारळाची कोवळी फळं तोडतात, केळीचे घड नासतात, काजू-आंब्याचं नुकसान करतात. ज्याचं वर्षाचं उत्पन्न त्यावर आहे त्याला 'फळखाऊ प्राणी वाचवा' हे ऐकवणं निर्दयपणाचं आहे. पण माकडांचा बंदोबस्त आणि नुकसानभरपाई हा वेगळा प्रश्न आहे आणि तो वेगळाच सोडवावा; त्याच्या रागात धनेश, उदमांजर आणि वटवाघूळ भरडले जाऊ नयेत. वटवाघळांना १९७२ च्या वन्यजीव कायद्यात उंदीर-कावळ्यांबरोबर उपद्रवी यादीत टाकलेलं होतं. २०२२ च्या दुरुस्तीने ती यादीच गेली, हे चांगलं झालं. बागेत त्यांच्यापासून फळ राखायचं तर सैल नायलॉनची जाळी टाकू नये, त्यात ती गुरफटून मरतात आणि जाळीही फाटते. बोट आत जाणार नाही इतक्या बारीक छिद्रांची जाळी चौकटीवर ताणून बसवावी. आंब्याला कागदी पिशव्या घालायची पद्धत आता कोकणात रुळली आहे. तिने वटवाघूळही दूर राहतं आणि फळाला डागही पडत नाहीत. रामपत्री गोळा करणाऱ्यांचंही तसंच. फांद्या तोडून कच्ची फळं उतरवण्याऐवजी तडकून खाली पडलेली वेचली, आणि दर झाडामागे एक तृतीयांश फळं वर सोडली, तर उत्पन्न आणि झाड दोन्ही टिकतं.

राहिली मोजणी. ती अवघड नाही. देवराईत, तिच्या बाहेरच्या मालकीच्या रानात आणि लागवडीच्या जागेत दहा मीटर बाय दहा मीटरचे चौकोन दोरीने आखावेत. वनस्पती ओळखणारा एक माणूस आणि रानात वाढलेला गावातला एक जाणता बरोबर असला की दिवसाला पाच-सहा चौकोन होतात. घोट्याच्या वर आणि गुडघ्याच्या खाली असलेलं प्रत्येक रोप बघायचं: जात कुठली, आणि तीस मीटरच्या आत त्याच जातीचं मोठं झाड आहे का. डिसेंबरात क्रमांकाची पट्टी बांधायची आणि पुढच्या डिसेंबरात पुन्हा यायचं, कारण पावसाळ्यात उगवलेलं मोजण्याला अर्थ नसतो, उन्हाळा काढलेलं मोजायचं असतं. रोपं फक्त आईखालीच असली, तर वाहून नेणारा गेला. आईखालीही नसली, तर गुरं, वणवा किंवा फळ गोळा करणारे यांच्याकडे बघावं. लांबवर विखुरलेली असली, तर व्यवहार चालू आहे. तोडीची परवानगी, भरपाईचा निधी, वारसा स्थळांचा दर्जा या सगळ्यांसाठी छत्राच्या टक्केवारीशेजारी हा एक आकडा मागावा. हेवाळे-बांबर्ड्याची रान जायफळाची दलदल जैवविविधता वारसा स्थळ झाली आहे, सीमेपलीकडे गोव्यात सत्तरीतली निरंकाराची राय आहे. सुरुवात तिथून करता येईल, दलदलीच्या काठापासून बाहेर जात, दर पन्नास मीटरवर एक चौकोन. एखाद्या चौकोनात बेहड्याखाली जायफळाचं रोप सापडलं आणि आसपास मोठं जायफळ कुठेच दिसलं नाही, तर त्या रोपापुढे अंतर लिहावं, आणि मग मान वर करून बेहड्याला ढोली आहे का ते बघावं.